कुटकीची रोपे बाटलीत तयार होतात, अडते ते त्यानंतर

आरोग्यवर्धिनीची गोळी महाराष्ट्रातल्या बहुतेक वैद्यांच्या कपाटात असते. यकृताच्या तक्रारी, कावीळ, जुनाट त्वचारोग, मलावरोध अशा कितीतरी ठिकाणी ती वापरली जाते. तिच्या पाठात, म्हणजे ठरलेल्या कृतीत, पारा, गंधक, लोह-अभ्रक-ताम्राची भस्मे, त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ, चित्रकमूळ ही सगळी द्रव्ये मोजून झाली की त्या सगळ्यांच्या वजनाइतकी एकटी कुटकी घालायला सांगितली आहे. कडुनिंबाच्या रसाची भावना देण्याआधीच्या, म्हणजे त्या रसात घोटण्याआधीच्या, चूर्णाचा निम्मा भाग म्हणजे कुटकी. इतकी कुटकी येते कुठून? सह्याद्रीत ती उगवत नाही. पुण्या-मुंबईच्या काष्ठौषधींच्या दुकानात कुटकी किंवा केदारकडू या नावाने मिळणारे करडे-तपकिरी, बोटापेक्षा बारीक तुकडे हिमालयातून येतात. तिथे साधारण ३००० मीटरच्या वर, झाडांची रेषा संपते त्या उंचीवरच्या गवताळ उतारांवर आणि खडकांच्या फटींत ही वनस्पती वाढते. उत्तराखंडात या कुरणांना बुग्याल म्हणतात.

पिक्रोऱ्हायझा कुर्रोआ हे तिचे शास्त्रीय नाव. वीतभर उंचीची, जमिनीलगत पानांचा झुबका धरणारी ही बहुवर्षायू वनस्पती. उन्हाळ्याच्या शेवटी ती फिकट निळसर-जांभळ्या फुलांचा तुरा काढते आणि बर्फ पडायला लागले की वरचा भाग वाळून जातो. औषध असते ते मूलक्षोडात, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडात, आणि मुळांत. सगळे संकट इथूनच सुरू होते, कारण औषध काढायचे तर झाड उपटावे लागते. त्यात खणणारे बऱ्याचदा बी पिकण्याआधीच वर पोचतात, त्यामुळे त्या जागेवर पुढच्या पिढीचे बीही पडत नाही. १९९७ साली जटामांसीबरोबर कुटकीही साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. तेव्हापासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याचे बंधन आहे. देशातली मागणी मात्र तशीच राहिली.

लागवडीला पर्याय नाही हे उघड आहे. लागवडीसाठी रोपे हवीत, आणि लाखोंच्या संख्येने एकसारखी रोपे म्हटले की टिश्यू कल्चर आठवते, म्हणजे वनस्पतीच्या लहानशा तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपे वाढवण्याची पद्धत. कुटकीच्या बाबतीत हा प्रयोग गेली साडेतीन दशके चालू आहे. त्याचा हिशेब मांडावा असे मला फार दिवस वाटत होते, कारण 'प्रयोगशाळेत दुर्मिळ वनस्पतीची हजारो रोपे तयार' या बातमीने आपण फार लवकर निश्चिंत होतो. माझे म्हणणे असे की कुटकीची बाटलीतली बाजू बरीचशी सुटलेली आहे. अडचण आहे ती बाटलीच्या तोंडापासून बुग्यालापर्यंतच्या प्रवासात, आणि पैसा, माणसे, लक्ष हे सगळे तिकडे वळायला हवे.

बाटलीतला भाग

कुटकीच्या कोंबाच्या टोकापासून रोपे वाढवण्याची पद्धत १९८८ साली लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींवरच्या संशोधन संस्थेतल्या पी. एस. आहुजा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातल्या एस. एस. भोजवानी यांच्या गटाचेही काम आले. मग अल्मोड्याजवळची गोविंद वल्लभ पंत संस्था, पालमपूरची हिमालय जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्था, सोलन जिल्ह्यातल्या वाकनाघाटचे जेपी विद्यापीठ अशा अनेक ठिकाणी पद्धत सुधारत गेली. कोंबाचे टोक, गाठीवरचा डोळा, पान, मूळ, अगदी आकारहीन पेशींचा कॅलस, या सगळ्यांपासून पूर्ण रोप मिळवता येते.

व्यवहारात मात्र कोंबाचे टोक आणि डोळा हेच वापरावेत. कॅलसच्या वाटेने संख्या जास्त मिळते, पण पेशी आपला आकार सोडून पुन्हा नव्याने जुळतात तेव्हा आनुवंशिक बदल शिरण्याची शक्यता वाढते. औषधी वनस्पतीत दिसायला सारखे पण गुणाला वेगळे रोप ही मोठी फसवणूक ठरते. तयार कोंबांतून फक्त कोंबच फोडत गेल्यास ही जोखीम कमी राहते.

पहिली खरी कसोटी स्वच्छतेची असते. डोंगरातून आणलेल्या मूलक्षोडाच्या डोळ्यांवर मातीतल्या बुरशी आणि जिवाणू असतातच. शिवाय काही बुरशी ऊतींच्या आत घर करून असतात, त्या वरून कितीही धुतले तरी जात नाहीत. मातृरोपे आधी काही महिने हरितगृहात वाढवायची आणि त्यांच्यावर नव्याने फुटलेले कोवळे कोंब घ्यायचे, हा उपाय सर्वात भरवशाचा. मग वाहते पाणी, बुरशीनाशक, थोडा वेळ ७० टक्के अल्कोहोल, त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइट किंवा ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड, आणि निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुणे. मर्क्युरिक क्लोराइड जालीम विष आहे. त्याचे पाणी मोरीत ओतणाऱ्या प्रयोगशाळेने वनस्पती वाचवण्याच्या गोष्टी करू नयेत. रसायन निवडताना हायपोक्लोराइटला पहिली संधी द्यावी.

खाद्य-माध्यम बहुधा तेच, मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींसाठी ठरवलेले. त्यात क्षार, जीवनसत्त्वे, साधारण ३ टक्के साखर आणि घट्टपणासाठी आगर. सामू ५.८च्या आसपास आणून १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करायचे, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचे. कोंब फुटण्यासाठी किनेटिन किंवा बीएपी ही सायटोकायनिन वर्गातली संजीवके (वाढीला चालना देणारी द्रव्ये), मुळांसाठी आयबीए किंवा एनएए. संजीवकाची मात्रा वाढवली की कोंब झपाट्याने फुटतात आणि नवख्याला वाटते आपण जिंकलो. पण तेच कोंब काचेसारखे पारदर्शक, पाणी भरलेले आणि ठिसूळ होऊ लागतात. असे कोंब मोजणीत येतात, पण बाटलीबाहेर पडल्यावर एकही टिकत नाही. दर वेळी कोंब फोडून नव्या बाटलीत घालताना ते वेगळे काढून टाकावे लागतात, आणि हे काम मन घट्ट करूनच करावे लागते.

आकडा कसा फुगतो ते पाहू. एका कोंबाचे दर चार आठवड्यांनी चार कोंब झाले असे धरले, तर सहा फेऱ्यांत, म्हणजे साधारण सहा महिन्यांत, एका डोळ्यापासून ४०९६ कोंब. हा कागदावरचा हिशेब आहे. बुरशी, काचेसारखे कोंब आणि मुळे न फुटलेले कोंब वजा केल्यावरही मोठा साठा उरतो, यात शंका नाही. पंचतारांकित रसायनांऐवजी बाजारातली साखर वापरणे, आगरचे प्रमाण घटवणे अशा वाटांनी खर्चही खाली आणता येतो.

एक गोष्ट मात्र सपाटीवरच्या प्रयोगशाळेने कुटकीकडूनच शिकायला हवी: तिला थंडी लागते. टिश्यू कल्चरच्या खोल्यांचे तापमान सवयीने २५ अंशांवर ठेवलेले असते. कुटकीच्या कोंबांवर १५ आणि २५ अंशांची तुलना झाली तेव्हा औषधी घटक, विशेषतः पिक्रोसाइड-१, थंड तापमानात जास्त साठल्याचे दिसले. पालमपूरच्या संस्थेच्या अभ्यासातही प्रकाश आणि कमी तापमान या दोन्हींमुळे पिक्रोसाइड बनवणारी जनुके अधिक कार्यरत होतात असे आढळले. मैदानी शहरात जूनमध्ये खोली १५ अंशांवर ठेवायची तर विजेचे बिलच प्रकल्पाला खाऊन टाकेल. म्हणून या वनस्पतीची व्यावसायिक प्रयोगशाळा डोंगरात किंवा डोंगराच्या पायथ्याशी असणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

बाटलीत औषध का बनत नाही

'मग डोंगर हवाच कशाला, बाटलीतूनच औषध काढा' असे कोणीतरी हमखास म्हणते. इथे कुटकीचे शरीर आडवे येते. पिक्रोसाइड-१ कोंबांत आणि पानांत तयार होते, पिक्रोसाइड-२ मुळांत असते, आणि ही दोन्ही एकत्र सापडतात ती मूलक्षोडात. यकृतावरच्या कामासाठी ही दोन्ही हवीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीपासून जो पिक्रोलिव्ह नावाचा प्रमाणित अर्क विकसित केला, त्यात पिक्रोसाइड-१ आणि त्याच्या जवळचा कुटकोसाइड हे मुख्य घटक आहेत. बाटलीतल्या कोवळ्या कोंबांत पहिला घटक मिळतो, दुसरा जवळजवळ नाही. दोन्हींसाठी वाढलेले मूलक्षोड लागते. त्याला जमीन आणि थंडी तर हवीच, शिवाय तीन वर्षांच्या आसपास वेळ द्यावा लागतो. टिश्यू कल्चरने या तीन वर्षांतला एक महिनाही कमी होत नाही, हे शेतकऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

बाटलीतून बाहेर

बाटलीत आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ असते, साखर आयती मिळते आणि प्रकाश मंद असतो. त्यामुळे तिथल्या पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पर्णरंध्रांना वेळेवर मिटायची सवय नसते. अशा रोपाला उघड्यावर आणले की तासाभरात पाने माना टाकतात. म्हणून हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची हळूहळू सवय लावणे. मुळांना चिकटलेले आगर कोमट पाण्याने पूर्ण धुवायचे, कारण उरलेल्या साखरेवर बुरशी येते. मग वाळू, कोकोपीट किंवा व्हर्मिक्युलाइट आणि पालापाचोळ्याचे खत यांच्या मिश्रणात लावून झाकायचे आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू हवा दाखवायची.

जळगाव पट्ट्यातल्या केळी उत्पादकाला हे सगळे पाठ आहे. ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर रोपे प्राथमिक हार्डनिंग, मग शेडनेटमधले दुय्यम हार्डनिंग आणि मग शेत या क्रमाने येतात. केळीचे रोप ज्या हवामानात हार्डन होते त्याच हवामानात वाढते आणि वर्षभरात घड देते. कुटकीचे तसे नाही. तिला हवा बदलत वर चढावे लागते. १२००-१३०० मीटरवरच्या पालमपुरात किंवा अल्मोड्याजवळच्या संस्थेत बाटलीतून बाहेर काढलेले रोप थेट ३००० मीटरवर नेले तर रात्रीची थंडी, कडक अतिनील किरणे, वारा आणि पातळ माती हे सगळे एकदम अंगावर येते. मधला टप्पा असलाच पाहिजे. गढवालात या टप्प्यांचा जिना आयताच उभा आहे. श्रीनगर गढवालच्या उच्चस्थानीय वनस्पती शरीरक्रिया केंद्राची पोथीवासा इथली रोपवाटिका सुमारे २२०० मीटरवर आहे आणि तुंगनाथचे केंद्र त्याहून हजारभर मीटर वर. कुटकी, अतिविष, जटामांसी अशा वनस्पतींची लागवड या उंचीवर तपासून पाहण्याचे काम तिथे दशकानुदशके झाले आहे. टिश्यू कल्चरची रोपे अशाच जिन्याने एकेक पायरी वर न्यावीत. मधल्या पायरीवर एक हिवाळा काढलेले रोप, म्हणजे पाने गाळून, मूलक्षोड धरून, पुन्हा फुटलेले रोप, वर टिकते.

वेळापत्रक इथे फार कठोर आहे आणि सर्वात जास्त प्रकल्प इथेच घसरतात असे मला वाटते. वर लागवडीचा काळ बर्फ वितळल्यापासून पावसाळ्याच्या पहिल्या भागापर्यंत, म्हणजे मे-जून ते जुलै. ऑक्टोबरनंतर वाढ थांबते. म्हणून मोजणी उलटी करायची. जूनमध्ये वर लावायचे रोप आदल्या उन्हाळ्यातच मधल्या रोपवाटिकेत पोचलेले हवे. म्हणजे ते मार्च-एप्रिलमध्ये बाटलीबाहेर आलेले हवे, मुळे फेब्रुवारीत फुटलेली हवीत, आणि पहिला कोंब बाटलीत गेला पाहिजे त्याच्याही आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात. निधी मंजूर होतो मार्चअखेर, रसायनांची खरेदी होते ऑगस्टमध्ये, रोपे तयार होतात डिसेंबरात. डिसेंबरात हजारो रोपे घेऊन कोणी बुग्यालावर जाऊ शकत नाही. ती बाटलीतच फोडत ठेवावी लागतात आणि दर फेरीला अशक्त होत जातात. अपयशाचा अहवाल मग 'जगण्याचे प्रमाण कमी' असा लिहिला जातो. खरी चूक कॅलेंडरची असते.

बाटली हवीच का?

हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतला. कुटकीला जमिनीलगत धावती खोडे फुटतात. त्यांचे डोळे असलेले तुकडे ओलसर मातीत ठेवले की सहज मुळे धरतात. चमोली जिल्ह्यातल्या घेस गावाने कुटकीच्या लागवडीत नाव कमावले. तिथल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांना रोपे वाढवण्यासाठी लॅमिनार फ्लो, म्हणजे प्रयोगशाळेतला निर्जंतुक हवेचा कक्ष, लागत नाही, मोठ्या रोपाचे तुकडे करून वाफ्यात लावणे त्यांना चांगले जमते. मग कोट्यवधींची यंत्रसामग्री कशाला?

उत्तर आकड्यात आहे. उत्तराखंडात जमीन नालीत मोजतात. एक नाली म्हणजे २०० चौरस मीटर. ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर अंतर धरले तर एका नालीला सुमारे २२०० रोपे लागतात, एका हेक्टरला लाखाच्या वर. एका गावाने पन्नास नाली करायच्या ठरवल्या तर इतके तुकडे आणायचे कुठून? शेजारच्या गावात नसतील तर बुग्यालावरून उपटून. लागवड वाढवण्यासाठी जंगलातली कुटकी आणखी उपटायची, असे व्हायला नको. टिश्यू कल्चरचे खरे काम इथे आहे: पहिली पेरणी. जंगलातले मोजके डोळे घेऊन गावाला पहिला साठा द्यायचा, पुढची वाढ गावकऱ्यांनी धावत्या खोडांवर करायची.

दुसरे काम निवडीचे. वेगवेगळ्या दऱ्यांतल्या कुटकीत पिक्रोसाइडचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे असते. तपासून चांगले निघालेले एकच रोप हाती असेल तर तुकडे करून त्याची संख्या वाढायला वर्षे लागतात. बाटलीत ते काम दोन हंगामांत होते. बियांपासून वाढवले तर तो गुण पुढच्या पिढीत विखुरतो.

या दोन कामांपलीकडे बाटलीचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या दोन कामांतही एक धोका आहे. एका उत्तम रोपाची लाखो भावंडे सगळ्या डोंगरभर लावली तर एखादा मूळकुज्या रोग त्या सगळ्यांना सारखाच लागेल. शेतात एकजात रोपे चालतील, कारण तिथे दर तीन वर्षांनी काढणी आहे. बुग्यालावर पुनर्लागवड करायची असेल तर मात्र निवडक 'एलिट' रोप अजिबात नेऊ नये. तिथे त्याच दरीतल्या अनेक मातृरोपांपासून वाढवलेली, जमल्यास बियांची रोपे लावावीत. आरएपीडी किंवा आयएसएसआर या डीएनए चाचण्यांत 'रोपे मातृरोपाशी तंतोतंत जुळतात' असा निकाल आला की शेतीच्या प्रकल्पात तो यश असतो. संवर्धनाच्या प्रकल्पात तोच निकाल चिंतेचा मानायला हवा. हे दोन हेतू एकाच प्रस्तावात एकाच वाक्यात लिहिलेले मी पाहतो तेव्हा अस्वस्थ होतो.

कागदांचा चढ

तीन वर्षांनी मूलक्षोड खणून वाळवले. आता विकायचे. व्यापारी विचारतो, ही शेतातली की जंगलातली? वाळलेल्या तुकड्याकडे बघून हे ओळखता येत नाही. म्हणून शेतकऱ्याची नोंदणी लावणीच्या वेळीच झालेली हवी. उत्तराखंडात हे काम गोपेश्वरजवळच्या मंडल इथल्या जडी-बूटी शोध एवं विकास संस्थानाच्या व्यवस्थेतून होते, आणि माल बाहेर नेताना वाहतुकीचा परवाना, ज्याला तिथे रवन्ना म्हणतात, तो लागतो. नोंदणी नसेल तर प्रामाणिक शेतकऱ्याच्या मालावरही चोरीचा संशय येतो. ही कटकट टाळायला तो स्थानिक दलालाला कमी भावात माल देऊन टाकतो, आणि मग गावातले बाकीचे लोक म्हणतात, त्यापेक्षा बुग्यालावर जाऊन चार दिवसांत पोते भरणे बरे.

प्रयोगशाळा इथे मदत करू शकते, आणि फार थोड्या ठिकाणी हे केले जाते. बाटलीवर आधीच मातृरोपाचा क्रमांक, फेरीचा क्रमांक आणि तारीख असते. तोच क्रमांक हार्डनिंगच्या ट्रेवर, शेतकऱ्याच्या पावतीवर आणि नोंदणीच्या अर्जावर उतरवला तर तीन वर्षांनी पोत्यातल्या कुटकीचा उगम कागदावर सिद्ध करता येतो. खर्च जवळपास शून्य. शिवाय औषध कंपनीलाही ते हवेच आहे, कारण कुटकीच्या नावाखाली लॅगोटिस ही वेगळी वनस्पती किंवा पूर्व हिमालयातली जवळची जात मिसळल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. ज्या मालाबरोबर मातृरोपापर्यंतचा माग आणि पिक्रोसाइडची तपासणी येते, त्याला महाराष्ट्रातल्या औषधनिर्मात्याने वेगळा भाव द्यायला हरकत नसावी. आपल्याकडच्या आरोग्यवर्धिनीचा निम्मा भाग तिथून येतो. खरेदीच्या अटींत 'लागवडीचीच, नोंदणीकृत' ही एक ओळ घालणे आपल्या हातात आहे.

अशा प्रकल्पाची आखणी माझ्यापुढे आली तर मी पैशाची वाटणी बदलायला सांगेन. बाटलीतल्या कामाला एक तृतीयांश पुरे. एक तृतीयांश मधल्या उंचीवरच्या रोपवाटिकेला, तिथे कायम राहणाऱ्या स्थानिक माणसांच्या पगारासह. उरलेला भाग शेतकऱ्यांच्या पहिल्या तीन वर्षांसाठी: कुंपण, नोंदणी, तिसऱ्या वर्षीची रासायनिक तपासणी आणि माल घेण्याचा लेखी करार. अहवालात 'किती रोपे तयार केली' हा रकाना शेवटी ठेवावा आणि पहिला रकाना असावा 'तिसऱ्या वर्षी किती रोपे जमिनीत जिवंत होती'.